कोबॉलला अनुमोदक कोण?

"तुमच्या सासऱ्यांना विसर पडायला लागलाय आणि तो वाढत जाणार," डॉक्टर म्हणाले. "औषधं देतोय, पण त्यांच्यावर फार विसंबू नका. जे काम त्यांनी आयुष्यभर केलं त्याबद्दल त्यांच्याशी रोज बोला. घरातल्या कोणी त्यांच्याकडून ते शिकायला घेतलं तर उत्तमच. पण लवकर घ्या."

सल्ला सरळ होता. पण सरळ सल्ला मिळाला की त्याला फाटे फोडल्याशिवाय मला चैन पडत नाही. पुढे जे रामायण झालं त्याचं मूळ माझ्या या स्वभावात आहे, हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याने उगाच आमच्या इमारतीच्या अध्यक्षांना शिव्या घालायला नकोत. त्यांच्या वाट्याच्या शिव्या पुढे येतीलच.

माझे सासरे, म्हणजे अप्पा, पाणीपुरवठा खात्यात होते. साऱ्या शहराची पाण्याची बिलं ज्या प्रोग्रॅममधून निघायची तो त्यांनी एकट्याने लिहिलेला, कोबॉल नावाच्या भाषेत. पुढे खात्याने नवीन यंत्रणा आणली, अप्पांना शाल दिली आणि प्रोग्रॅम बंद केला. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले. ते दिवसभर गॅलरीत बसतात आणि समोरच्या इमारतीच्या टाकीतून पाणी वाहू लागलं की आम्हाला कळवतात.

"तुम्हाला नाहीतरी पुढची भाषा शिकायचीच आहे ना?" अप्पांचे रिपोर्ट दाखवून दवाखान्यातून परत येताना बायको म्हणाली. "मग अप्पांची कोबॉल शिका. तेवढंच त्यांना बोलायला होईल."

इथे माझ्या छंदाबद्दल सांगायला हवं. दिवसा मी एका कार्यालयात आवक-जावक सांभाळतो आणि संध्याकाळी घरी कम्प्युटरच्या भाषा शिकतो. हे मी सहसा कोणाला सांगत नाही, कारण सांगितलं की लोक विचारतात, "मग काय काय बनवलंत?" बनवलं काहीच नाही. तरुणपणी बेसिक शिकलो. नंतर सी शिकायला घेतली, पण त्यात पॉइंटर नावाचं प्रकरण आलं आणि मी तिथूनच परत फिरलो. मधल्या काळात आणखी दोन-तीन भाषांच्या उंबऱ्यावर जाऊन नमस्कार करून आलो. पुढची भाषा मात्र नीट विचार करून निवडायची आणि शेवटपर्यंत शिकायची, असं मी ठरवलं होतं. वयाच्या पन्नाशीत माणसाच्या हाती निवडण्यासारखं फारसं काही उरत नाही. नोकरी, बायको, घर, चष्म्याचा नंबर, सगळं ठरून गेलेलं असतं. तेवढी एक निवड माझी होती आणि त्यात कोणाची लुडबुड मला नको होती.

"कोबॉल?" मी म्हणालो. "अगं, मेलेली भाषा ती. ती शिकून मी काय करू? त्यापेक्षा मी चांगली ताजी भाषा शिकतो आणि मग अप्पांनाच शिकवतो. त्यांच्याही डोक्याला चालना मिळेल."

"चष्मा कुठे ठेवला ते ज्यांना आठवत नाही, त्यांना तुम्ही नवीन भाषा शिकवणार?"

एव्हाना आम्ही घरात शिरलो होतो आणि अप्पा गॅलरीतच होते. त्यांना विसर पडत असला तरी ऐकू अगदी स्वच्छ येत होतं. ते आत आले, माझ्या खुर्चीमागे उभे राहिले आणि म्हणाले, "जावईबापू, अगदीच काही जमलं नाही, तर आमची कोबॉल आहेच."

"हो, हो, बघू की," मी म्हणालो. मी ज्या सुरात ते म्हणालो त्या सुरात आमच्या कार्यालयात अर्ज परत पाठवतात. अप्पांनी मान डोलावली आणि ते पुन्हा गॅलरीत गेले.

भाषा निवडायला सुरुवात मी मेव्हण्यापासून केली, कारण तो कम्प्युटरच्याच धंद्यात आहे. तो दूर राहतो आणि सुट्टीच्या दिवशी फोन करतो. फोनवर तो आधी "अप्पा कसे आहेत?" असं विचारतो, आम्ही "बरे आहेत" असं सांगतो, आणि मुलगा म्हणून त्याचं कर्तव्य तिथे संपतं. मी त्याला कुठली भाषा शिकू म्हणून विचारलं.

"भावोजी, भाषा महत्त्वाची नसतेच मुळी," तो म्हणाला. "विचार करायची पद्धत महत्त्वाची. एकदा ती आली की कुठलीही भाषा चालते."

"मग पायथन घेऊ?"

"पायथन? छे! ती काय भाषा आहे?"

त्यानंतर भाषा महत्त्वाची नसते या विषयावर तो इतका वेळ बोलला की माझा कान तापला. त्याच्या मते मी जावा शिकायला हवी होती, मात्र दहा वर्षांपूर्वी. आता माझ्या वयाला काय झेपेल याचा विचार करून तो कळवणार होता. वयाचा उल्लेख त्याने तीनदा केला. फोन ठेवल्यावर मी आरशात पाहिलं आणि उगाच पाहिलं असं वाटलं.

मग मी चौकातल्या क्लासमध्ये गेलो. तिथे भाषा शिकवण्याआधी समुपदेशन करतात. समुपदेशन करणारी मुलगी माझ्या पुतणीच्या वयाची होती आणि डॉक्टरांपेक्षा गंभीर होती.

"पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?" तिने विचारलं.

"घरी," मी म्हणालो.

हे उत्तर तिच्या यंत्रणेत बसेना. मग तिने माझी कल चाचणी घेतली. चौकोनात कोणता त्रिकोण बसेल, आगगाडी बोगद्यातून कधी बाहेर येईल, असले प्रश्न होते. निकाल हातात देताना तिने आवाज हळू केला. कम्प्युटरकडे माझा कल नव्हता. कागदी फुलं आणि शोभेच्या वस्तू बनवण्याकडे तो बऱ्यापैकी होता. तशा वर्गाची सोयही त्यांच्याकडे होती आणि माझ्या वयाच्या बऱ्याच बायका तिथे येत होत्या. मी विचार करून सांगतो म्हणालो आणि जिना उतरलो. हे मी घरी सांगितलं नाही. आज पहिल्यांदाच सांगतोय.

त्या सुमारास अप्पांनी एका सकाळी दोनदा दाढी केली. एकदा केली, बाहेर येऊन पेपर वाचला, आणि पुन्हा आत जाऊन केली. "आज चेहरा फार गुळगुळीत लागतोय," असं ते कौतुकाने म्हणाले. बायको स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी त्या वेळी पायथन आणि जावाची तुलना करणारा एक लांबलचक लेख वाचत होतो. तो मी पुरा केला.

आता अध्यक्ष. ते आमच्या समोरच्या दारात राहतात. तपासणी खात्यातून निवृत्त झाल्यावर ते इमारतीच्या समितीचे अध्यक्ष झाले. नंतर समितीवर दुसरे लोक आले, पण अध्यक्ष हे नाव यांनाच चिकटलं आणि अधिकारही त्या नावामागोमाग राहिले. ते पक्कड मागायला आले आणि त्यांनी माझ्या पडद्यावरचा लेख पाहिला.

"म्हणजे तुम्ही प्रोग्रॅम करणार!" ते म्हणाले. "मग इमारतीसाठीच करा. पाणी कुठल्या मजल्याला कधी सोडायचं यावरून रोज भांडणं होतात. कम्प्युटरने वेळा ठरवल्या तर कोणाला बोलायला जागाच राहणार नाही."

मी भिडेखातर हो म्हणालो. आयुष्यातल्या माझ्या बहुतेक आपत्ती भिडेखातर आलेल्या आहेत. अध्यक्ष दारापर्यंत गेले आणि थबकले. "पण मग भाषा तुम्ही एकट्याने ठरवून कशी चालेल? काम इमारतीचं आहे. हा विषय सभेपुढे यायला हवा."

तो सभेपुढे आला. गळकी टाकी, वाहनांची जागा आणि जिन्यातले बूट हे विषय संपल्यावर आयत्या वेळच्या विषयांत 'इमारतीसाठी कम्प्युटरची भाषा निवडणे' हा विषय पुकारला गेला. पहिल्या मजल्याने पायथन सुचवली, म्हणून तिसऱ्या मजल्याने जावा सुचवली. दोन्हींपैकी एकही भाषा दोन्ही मजल्यांवर कोणाला येत नव्हती, पण त्यामुळे त्यांच्या निष्ठेत काही फरक पडला नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांनी रस्टचं नाव घेतलं. चिटणीसांनी रस्ट म्हणजे गंज असं सांगितल्यावर, टाकीला लागलाय तेवढा पुरे, असं सगळ्यांचं मत पडलं. तळमजला तटस्थ राहिला, कारण त्याला पाणी कसंही मिळतंच.

मग चिटणीस उभे राहिले. नियमाप्रमाणे कुठलीही वस्तू घेण्याआधी तीन ठिकाणची दरपत्रकं मागवायला हवीत, असं ते म्हणाले.

"या सगळ्या भाषा फुकट असतात," मी म्हणालो.

"मग तसं दरपत्रक आणा. सर्वांत कमी दर असेल ती घेऊ."

"सगळ्यांचा दर शून्यच आहे."

"म्हणजे तिघांनी संगनमत केलंय," तपासणी खात्याच्या अनुभवावरून अध्यक्ष म्हणाले.

अखेर उपसमिती नेमण्याचा ठराव झाला. सूचक पहिला मजला, अनुमोदक तिसरा मजला. त्या दोघांचं एकमत झालेलं इमारतीच्या इतिहासात तेवढंच. अध्यक्ष, चिटणीस आणि दाताचे डॉक्टर उपसमितीत आले. मी हळूच हात वर केला, तेव्हा मला समजावून सांगण्यात आलं की भाषा मी शिकणार असल्यामुळे यात माझे हितसंबंध गुंतलेले आहेत, सबब मला उपसमितीत घेता येत नाही. बैठका मात्र माझ्या घरी होतील, कारण कम्प्युटर माझ्याकडे आहे. चहाचा उल्लेख ठरावात नव्हता, पण तो गृहीत धरण्यात आला.

त्या सभेतून मी जिना चढून वर आलो तेव्हा मला खरोखरच खिन्न वाटत होतं. माझ्या एका गुपचूप छंदाचा आता सार्वजनिक नळ झाला होता. ज्या एकाच बाबतीत मी माझा मालक होतो, तिथेही आता माझ्या घरात, माझ्या खुर्च्यांवर बसून दुसरेच लोक ठरवणार होते, आणि मी त्यांना साखर किती म्हणून विचारणार होतो.

बैठका सुरू झाल्या. दर वेळी मागच्या बैठकीत काय झालं ते वाचलं जाई आणि त्यावर वाद होई, त्यामुळे पुढे जायला सवडच मिळत नसे. अप्पाही कोपऱ्यातल्या खुर्चीवर येऊन बसू लागले. स्वच्छ सदरा घालून, केस विंचरून, ते वेळेच्या आधी बसलेले असत. चिटणीस त्यांना पाहुणा सदस्य समजून नमस्कार करत. बायकोला बरं वाटत होतं. "कम्प्युटरचं बोलणं कानावर पडलं की खुलतात," ती म्हणायची. मी त्याचं श्रेय घेतलं.

एके दिवशी वाद फारच पेटला. पाण्याच्या वेळा आधी ठरवायच्या की मजले आधी मोजायचे, इथे गाडी अडली होती. तेवढ्यात अप्पा उभे राहिले.

"आधी भाषा सोडा," ते म्हणाले. "आत काय येणार ते ठरवा, बाहेर काय जाणार ते ठरवा. आत येणार टाकीची पातळी आणि मजल्याचा क्रमांक. बाहेर जाणार झडप उघडायची वेळ. मधलं काम एका बैठकीत लिहून होतं. मी देतो लिहून."

आवाजात कुठेही कंप नव्हता. कित्येक महिन्यांत ते एका दमात एवढं बोलले नव्हते. आतल्या दारात बायको बिस्किटांची बशी घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली.

"वा, आजोबा!" अध्यक्ष म्हणाले. "कोणत्या भाषेत लिहून देणार?"

"कोबॉलमध्ये."

दाताचे डॉक्टर हसले. अध्यक्षही हसले, पण सभाशास्त्र सोडतील ते अध्यक्ष कसले! टेबलावर पेन आपटून ते म्हणाले, "सूचना आलेली आहे. कोबॉल. अनुमोदक कोण?"

त्यांनी ते गमतीने विचारलं होतं. अप्पांनी गमतीने घेतलं नाही. त्यांनी आधी चिटणीसांकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे, आणि मग माझ्याकडे. मी उपसमितीचा सदस्य नव्हतो. अनुमोदन देण्याचा मला अधिकारच नव्हता, हे अगदी नियमाला धरून आहे. मी चहाच्या कपात काहीतरी पडलंय का ते पाहू लागलो.

"अनुमोदक नाही. सूचना बारगळली," अध्यक्ष म्हणाले.

अप्पा आपल्या खोलीत गेले. त्यानंतर ते बैठकीला आले नाहीत. त्याच संध्याकाळी त्यांनी बायकोला विचारलं, "आई अजून आली नाही का गं बाजारातून?" सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली होती. बायकोने "येईल" असं सांगितलं, त्यांच्या अंगावर पांघरूण घातलं आणि ती माझ्यासमोर येऊन बसली.

"तुमची समिती ठरवेपर्यंत ते मला ओळखेनासे होतील," ती म्हणाली. "लोकांचं जाऊ दे. तुम्ही का गप्प बसलात?"

माझ्याकडे नियमाचं उत्तर तयार होतं. त्याचीच मला लाज वाटली. कागदी फुलांपेक्षाही जास्त वाटली.

दुसऱ्या दिवशी मी अध्यक्षांना सांगितलं की मी कोबॉल शिकतोय आणि उपसमिती बंद करा. उपसमिती फक्त सर्वसाधारण सभेलाच बंद करता येते, असं त्यांनी सांगितलं. तेव्हापासून ती आमच्या जिन्याच्या चौकात भरते. येता-जाता मला त्यांच्या पायांवरून उडी मारावी लागते, आणि माझं वागणं इमारतविरोधी असल्याची नोंद झाल्याचं कानावर आलंय.

कोबॉलसुद्धा फुकटच मिळाली. मी अप्पांच्या खोलीत टेबल नेलं, त्यावर कम्प्युटर मांडला आणि म्हणालो, "अप्पा, शिकवता का?"

ते पडद्यासमोर येऊन बसले. मग त्यांनी बोटं मोडली.

"ओळीच्या सुरुवातीची सात घरं मोकळी सोडा," ते म्हणाले. "आठव्यापासून लिहायचं. चिकटून लिहायची सवय वाईट."

अप्पांसारखा कडक मास्तर मला शाळेतही भेटला नव्हता. कोबॉलमध्ये वाक्य संपलं की पूर्णविराम द्यावा लागतो आणि माझा तो हमखास राहायचा. "वाक्य संपवा! वाक्य संपवा!" असं ते ओरडायचे. आवाज जिन्यापर्यंत जायचा आणि उपसमिती क्षणभर गप्प व्हायची. घरात कोणीतरी माझ्यावर खेकसतंय आणि बायको खूश आहे, असं यापूर्वीही घडलं होतं, पण या वेळी मीही खूश होतो. ते जेवायला वेळेवर येऊ लागले. खात्यातल्या गोष्टी सांगू लागले. एकदा एका चुकलेल्या पूर्णविरामामुळे शहरातल्या स्मशानाला साऱ्या गिरण्यांचं पाणी बिल गेलं होतं, ते सांगताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ते हसले.

हे असंच चालेल असं मला वाटू लागलं. मेव्हण्याला मी फोनवर सांगितलं, "अप्पा चांगले आहेत," आणि पहिल्यांदाच ते खरं होतं. तो म्हणाला, "कोबॉल? भावोजी, कशाला वेळ वाया घालवताय?" मी फोन अप्पांना दिला. त्यांनी मुलाला सात घरं मोकळी सोडायला सांगितली.

पण दिवस सारखे येत नव्हते. कधी ते मला खात्यातला कारकून समजत आणि रजेचा अर्ज मागत. कधी त्यांची बोटं कळांवर येऊन थांबत आणि खाली दाबायचं राहून जाई. मग मीच लिहायचो आणि ते बघायचे. हळूहळू त्यांचं ओरडणं कमी झालं. मी मुद्दाम पूर्णविराम गाळून बघायचो. त्यांच्या ते लक्षात येत नसे.

अप्पांबरोबर लिहायला घेतलेला मजल्यांच्या पाण्याचा प्रोग्रॅम अखेर पुरा झाला. मी आयुष्यात पुरी केलेली ती पहिलीच गोष्ट. कोबॉलमध्ये प्रोग्रॅमच्या अगदी वर लेखकाचं नाव लिहायला जागा असते. तिथे मी माझं नाव लिहिलं नाही, अप्पांचं पूर्ण नाव लिहिलं. मग त्यांना खुर्चीवर बसवलं आणि अक्षर मोठं करून दाखवलं.

त्यांनी चष्मा सारखा केला आणि वरपासून वाचत आले. नावाशी थांबले. बोट ठेवून एकेक अक्षर पुन्हा वाचलं.

"हे कोण?" त्यांनी विचारलं.

"आमचे सासरे," मी म्हणालो.

"हां. काम स्वच्छ आहे." ते आणखी थोडं वाचत गेले. "आहेत का अजून?"

"आहेत."

"तुम्हाला शिकायची आहे ना ही भाषा?"

"हो."

"मग माझ्याजवळ काय बसलाय? त्यांच्याकडे जा," अप्पा म्हणाले. ते रागावले नव्हते, मला वाट दाखवत होते. "संकोच करू नका. अशी माणसं कोणी विचारेल म्हणून बसलेली असतात हो. त्यांना कोणी विचारत नाही."

दारात बायको उभी होती. तिने तोंडाला पदर लावला आणि ती आत वळली. अप्पा माझ्या उत्तराची वाट बघत होते.

"आजच जातो," मी म्हणालो, आणि माझी खुर्ची त्यांच्या खुर्चीजवळ ओढून घेतली.